एका शर्यतीचा हंगाम

महाविद्यालयाच्या रोइंग क्लबचे वर्ष भरगच्च असते. जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुले-मुली येतात. पुढे आंतरमहाविद्यालयीन शर्यती, विद्यापीठाच्या संघाची निवड, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, मधेच एखादी राज्य स्पर्धा किंवा ५०० मीटरची स्प्रिंट, आणि जिथे परंपरा आहे तिथे स्वतःचा रेगाटा, म्हणजे नौकांचा सोहळा. या प्रत्येक ठिकाणी जिंकायचेच, असे ठरवून वर्षाला सुरुवात केली की सहसा एकाही ठिकाणी क्लब आपल्या सर्वोत्तम वेगाला पोहोचत नाही. कारण शरीर वर्षभर शिखरावर राहू शकत नाही. चढायला त्याला महिने लागतात आणि शिखरावर ते थोडेच दिवस टिकते. म्हणून कप्तान, प्रशिक्षक आणि पहिल्यांदाच वल्हे हातात घेणारे विद्यार्थी यांच्यापुढे मला एकच मुद्दा मांडायचा आहे. हंगामात मुख्य शर्यत एकच असावी, तिची तारीख सर्वांत आधी ठरावी आणि तिथून उलटे मोजत वर्षाची आखणी व्हावी. बाकीच्या शर्यती जरूर कराव्यात, पण त्या मुख्य शर्यतीच्या तयारीसाठी.

या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण लंडनमध्ये टेम्स नदीवर दिसते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची बोट रेस १८२९ मध्ये सुरू झाली आणि १८५६ पासून महायुद्धांची वर्षे आणि २०२० ची साथ वगळता दरवर्षी होत आली आहे. पटनी ते मॉर्टलेक हे सुमारे ६.८ किलोमीटरचे अंतर, बोटी दोनच, त्यामुळे दुसरा येणारा हरलेला. वसंतातल्या या शर्यतीची तयारी आदल्या सप्टेंबरात सुरू होते. डिसेंबरात प्रत्येक क्लब आपल्याच खेळाडूंच्या दोन बोटी त्याच मार्गावर एकमेकींविरुद्ध उतरवतो. हिवाळ्यातल्या सरावाच्या लढतींमध्ये हरले तरी कुणी हंगाम वाया गेला असे मानत नाही, कारण त्या लढतींचे काम उणिवा दाखवण्याचे असते. अमेरिकेतल्या महाविद्यालयांचा हंगामही असाच एका टोकाकडे झुकलेला असतो. शरद ऋतूत लांब पल्ल्याच्या, घड्याळाविरुद्धच्या शर्यती होतात. बोस्टनची १९६५ पासूनची ‘हेड ऑफ द चार्ल्स’ ही त्यांतली प्रसिद्ध शर्यत सुमारे ४.८ किलोमीटरची आहे. थंडीत उत्तरेकडच्या नद्या गोठतात तेव्हा मुले-मुली एर्गोमीटरवर, म्हणजे वल्हवण्याच्या यंत्रावर, घाम गाळतात आणि २००० मीटरच्या खऱ्या चुरशी वसंतात होतात. या दोन्हीकडे वल्हवणारे आपल्यासारखेच विद्यार्थी आहेत. त्यांनाही व्याख्याने, प्रात्यक्षिके आणि परीक्षा आहेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आमच्याकडे तारखाच वेळेवर कळत नाहीत, मग उलटे मोजायचे कुठून? अडचण खरी आहे. विद्यापीठ पातळीवरच्या स्पर्धांचे ठिकाण आणि महिना वर्षागणिक बदलू शकतो. अखिल भारतीय विद्यापीठ स्पर्धा चंडीगडच्या सुखना तलावावर झाल्या आहेत, तर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचे रोइंग २०२३ मध्ये गोरखपूरच्या रामगढ तालावर झाले. पण जी तारीख आपल्या हातात नाही तिच्यासाठी महिना धरून आखणी करता येते. तीन-चार आठवड्यांचा एकेक टप्पा करा आणि तारीख जाहीर झाली की शेवटचा टप्पा ताणा किंवा आखडता घ्या. आणि ज्या क्लबचा स्वतःचा रेगाटा आहे, त्याच्या हातात तर तारीख आहेच. पुण्याच्या पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सीओईपीचा बोट क्लब १९२८ पासूनचा आहे. नाशिकला गोदावरीवर केटीएचएम महाविद्यालयाचा बोट क्लब आहे. अशा क्लबांनी घरच्या शर्यतीची तारीख मुख्य स्पर्धेच्या पाच-सहा आठवडे आधी ठेवली, तर तीच हंगामातली सर्वांत उपयुक्त रंगीत तालीम ठरेल.

आता मुख्य शर्यत शरीराकडून काय मागते ते पाहू, कारण पुढची सारी आखणी त्यावर उभी आहे. जागतिक पातळीवरची शर्यत २००० मीटरची असते. आठ जणांची उत्तम बोट हे अंतर साडेपाच मिनिटांच्या आसपास कापते, एकेरी बोट सुमारे सात मिनिटांत, आणि नवख्या महाविद्यालयीन संघाला आठ-नऊ मिनिटेही लागतात. पाहणाऱ्याला ही ताकदीची झुंज वाटते, पण शरीरशास्त्र वेगळे सांगते. या प्रयत्नातली ७० ते ८० टक्के ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते. म्हणजे दंडापेक्षा हृदय, फुप्फुसे आणि पायांच्या स्नायूंतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या यांची परीक्षा जास्त असते. ‘आमची शर्यत तर ५०० मीटरचीच आहे,’ असे कुणी म्हणेल. तिथेही दीड-दोन मिनिटांच्या प्रयत्नात जवळजवळ निम्मा वाटा प्राणवायूवर चालणाऱ्या यंत्रणेचा असतो. शिवाय प्राथमिक फेरी, हरल्यास रेपेशाज ही दुसऱ्या संधीची फेरी, उपांत्य आणि अंतिम अशा फेऱ्या दोन-तीन दिवसांत कराव्या लागतात. दोन फेऱ्यांच्या मधे जो लवकर सावरतो तोच अंतिम फेरीत ताजा उतरतो, आणि सावरण्याचे कामही हीच यंत्रणा करते.

ही यंत्रणा किती महत्त्वाची आहे हे एर्गोमीटरच्या पडद्यावरच्या आकड्यांतून नेमके कळते. कन्सेप्ट टू कंपनीच्या यंत्रावर ५०० मीटरला २ मिनिटे हा वेग राखायला सुमारे २०३ वॅट लागतात. २००० मीटरची वेळ होते ८ मिनिटे. तोच वेग १ मिनिट ५० सेकंदांवर आणायचा, म्हणजे एकूण वेळ ७ मिनिटे २० सेकंदांवर, तर सुमारे २६३ वॅट लागतात. वेग वाढला नऊ टक्के आणि शक्ती लागली तीस टक्के जास्त, कारण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाण्यावरची बोटही साधारण याच हिशेबाने चालते. शर्यतीत हे चाळीस सेकंद कमी करायचे असतील तर तीस टक्के जास्त शक्ती सात मिनिटे सलग पुरवता आली पाहिजे. ती क्षमता शेवटच्या तीन आठवड्यांत जीव तोडून येत नाही. ती महिन्यामहिन्यांनी साठते, आणि साठते ती मुख्यतः संथ सरावाने.

संथ सराव म्हणजे ज्यात शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येते असा सराव: मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक, चाळीस मिनिटे ते सव्वा तास. महाविद्यालयीन क्लबना सर्वांत कमी पटणारी गोष्ट हीच आहे. दमछाक झाली नाही तर सराव झालाच नाही, अशी समजूत मुरलेली असते. तिला उत्तर द्यायला नॉर्वेचा पुरावा पुरेसा बोलका आहे. १९७० ते २००१ या काळात आंतरराष्ट्रीय पदके मिळवणाऱ्या नॉर्वेच्या २८ खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास फिस्करस्ट्रँड आणि सायलर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. या तीन दशकांत महिन्याचा संथ सराव ३० तासांवरून ५० तासांवर गेला आणि शर्यतीच्या किंवा त्याहून जास्त तीव्रतेचा सराव २३ तासांवरून ७ तासांवर आला. याच काळात खेळाडूंची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. एवढ्यावरून वाढीचे सगळे श्रेय संथ सरावाला देता येणार नाही. खेळाडूंची निवडही सुधारली असेल, एकूण तासही वाढले होते. पण तीव्र सराव एक तृतीयांशाहूनही खाली येऊन क्षमता घटली नाही, उलट वाढली, ही गोष्ट दमछाकीच्या समजुतीला तडा द्यायला पुरेशी आहे.

इथे जाणता वाचक थांबवून विचारेल, आणि त्याने विचारायलाच हवे: ते खेळाडू वर्षाला हजारावर तास सराव करत होते, आमच्या मुलांना आठवड्याला जेमतेम आठ तास मिळतात. कमी वेळ असेल तर जास्त जोर नको का? काही अंशी हो. आठ तासांत संथ सरावाचा वाटा ऐंशी टक्क्यांऐवजी सत्तर ठेवला तर बिघडत नाही. पण तीव्र सराव आठवड्यात दोनदाच, हे बंधन पाळावे. अभ्यास, जागरणे आणि मेसचे जेवण सांभाळणारे शरीर तिसऱ्या तीव्र सत्रानंतर सावरत नाही. मग पाठीचे दुखणे आणि बरगडीचा सूक्ष्म अस्थिभंग ही रोइंगची ओळखीची दुखणी डोके वर काढतात, आणि आठ तासांचे शून्य तास होतात. ज्याला वेळ कमी आहे त्याला दुखापत सर्वांत महाग पडते.

संथ सरावाचा दुसरा फायदा तंत्राचा आहे, आणि नवख्यांसाठी तो पहिल्याहून मोठा आहे. एक स्ट्रोक जवळून पाहा. गुडघे दुमडलेले, हात सरळ, धड कमरेतून पुढे झुकलेले. मनगटे हलकेच उचलली जातात आणि पाते पाण्यात शिरते. हा कॅच. मग फक्त पाय ढकलतात, हात अजून दोरीसारखे सरळ. पाय जवळजवळ सरळ झाले की पाठ उघडते आणि शेवटी हात छातीकडे येतात. पाते स्वच्छ बाहेर निघते, आणि परतीचा प्रवास उलट्या क्रमाने होतो: हात, धड, मग गुडघे. या परतीच्या वेळी बोट पुढे सरकत असते आणि वल्हवणारे बोटीच्या मागच्या टोकाकडे सरकत असतात. ते घाईने सरकले तर त्यांचेच वजन बोटीचा वेग मारते. मिनिटाला ३४ स्ट्रोक मारताना यातली एकही चूक दिसत नाही, दुरुस्त होणे तर दूरच. १८ वर ती कॉक्सला, म्हणजे सुकाणू सांभाळणाऱ्याला दिसते, प्रशिक्षकाला सांगता येते आणि स्वतःला जाणवते. चार किंवा आठ जणांची पाती एकाच क्षणी पाण्यात शिरणे ही सांघिक बोटीची खरी मिळकत, आणि ती शांतपणे मोजलेल्या हजारो स्ट्रोकांतूनच येते.

हे सारे आपल्या ऋतूंत बसवायचे कसे? मुख्य शर्यत फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे असे धरू. जुलै ते सप्टेंबर हा पावसाचा काळ. खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला, मुळशी-पवनेचे पाणी मुळेत आले की पुण्यात नदीवर उतरण्याचा विचारही करू नये. अमेरिकेतला क्लब गोठलेल्या नदीमुळे जमिनीवर येतो, आपण पुरामुळे येतो. उपयोग तोच करायचा. या महिन्यांत पोहण्याची चाचणी, एर्गोमीटरवर तंत्र, हलके धावणे, पोट-पाठीचे व्यायाम आणि स्क्वॅट व डेडलिफ्ट हळूहळू शिकणे. गणेशोत्सवात ढोल-ताशा पथकांमुळे हजेरी घटते. तिच्यावर चिडण्यापेक्षा तो आठवडा आखणीतच हलका ठेवावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सत्र परीक्षा आणि दिवाळी. तेव्हा आठवड्याला तीन छोटी संथ सत्रे पुरतात, कारण कमावलेला दमसास थोड्या सरावानेही टिकतो. डिसेंबर-जानेवारी हा पाण्यावरच्या मोठ्या कामाचा काळ: लांब पल्ला, छोट्या बोटी, आणि एखादी चार-पाच किलोमीटरची घड्याळाविरुद्धची चाचणी. त्यानंतरचे सहा आठवडे शर्यतीच्या वेगाचे. जलपर्णीने नदीचा पट्टा अडला तर लांब फेऱ्या शक्य नसतात. तेव्हा उपलब्ध ८०० मीटरांतच वळसे घेत संथ सराव करावा. मन कंटाळते, पण शरीराला त्याने फरक पडत नाही आणि वळण घेण्याचे कौशल्य येते ते वेगळेच.

संघाची निवड हा क्लबमधला सर्वांत नाजूक विषय. ज्येष्ठतेने जागा द्यायची पद्धत अनेक ठिकाणी रुळलेली आहे, आणि तिच्या बाजूनेही बोलता येईल: चौथ्या वर्षाच्या मुलाने तीन वर्षे बोटी उचलल्या, धुतल्या, नवख्यांना शिकवले. त्या सेवेचा मान राखायलाच हवा. पण तो मान कप्तानपद, शिकवण्याची जबाबदारी, क्लबच्या फलकावर नाव अशा मार्गांनी राखावा. बोटीतली जागा वेगावर ठरावी. एर्गोमीटरचा आकडा एकटा पुरत नाही. यंत्रावर वजनदार खेळाडूला वजन ओढावे लागत नाही, बोटीला मात्र ते वाहून न्यावे लागते. दोन सारख्या बोटी असतील तर सीट-रेस घ्यावी: दोन बोटी शर्यत करतात, मग फक्त दोघांची अदलाबदल करून तेच अंतर पुन्हा कापले जाते आणि फरक कुणामुळे पडला ते सर्वांसमोर दिसते. निवड मुख्य शर्यतीच्या सहा आठवडे आधी संपवावी. त्यानंतर जागा बदलल्या की जमलेला ताल मोडतो. आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना आधीच वगळू नये. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१२ मध्ये सैन्यात भरती झाल्यानंतर रोइंगकडे वळले. २०१६ मध्ये ते रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्ण जिंकले. सैन्यातला पूर्णवेळ सराव विद्यार्थ्याला मिळणार नाही हे खरे. तरी वीस-एकवीस वर्षांच्या वयात सुरुवात करणे म्हणजे उशीर होणे नव्हे, एवढे त्यातून निश्चित कळते.

सीओईपीच्या रेगाटामध्ये शर्यतींइतकीच गर्दी कयाक बॅले, पंटच्या रचना आणि मशालींच्या कवायतींना होते. स्पर्धेची तयारी करणाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटू शकतो. माझे मत उलट आहे. या कार्यक्रमांमुळे शर्यतीच्या बोटीत जागा न मिळालेल्या शंभर जणांना क्लबमध्ये काम आणि अभिमान मिळतो, नदीकाठी शहर येते, माजी विद्यार्थी येतात आणि नव्या बोटीसाठी निधी उभा राहण्याची शक्यता निर्माण होते. फक्त एक पथ्य पाळावे: शर्यतीचा मुख्य संघ आणि कार्यक्रमांचे संघ शक्यतो वेगळे असावेत आणि शेवटच्या तीन आठवड्यांत शर्यतीच्या खेळाडूंवर आयोजनाची कामे टाकू नयेत.

मुख्य शर्यतीआधीचे दोन आठवडे आवरते घेण्याचे. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २००७ च्या संशोधनात असे दिसले की सरावाचे प्रमाण सुमारे दोन आठवडे ४० ते ६० टक्क्यांनी कमी केले आणि तीव्रता तशीच ठेवली, तर कामगिरी सर्वाधिक सुधारते. म्हणून तास कमी करा, पण वेगाचे छोटे तुकडे चालू ठेवा. या काळात मुले धास्तावतात आणि गुपचूप जादा सराव करतात. कप्तानाने ते थांबवले पाहिजे. शर्यतीचा आराखडा आधी लिहून पाठ करावा. पहिले पाच स्ट्रोक आखूड, पुढचे वीस जोरात आणि मग ठरलेल्या लयीवर येणे. हे लयीवर येणे नवख्या संघांना जमत नाही, कारण शेजारची बोट पुढे दिसते. वेगाच्या घनाचा हिशेब इथे आठवावा: पहिल्या ५०० मीटरमध्ये उधळलेली शक्ती वेगाच्या रूपाने पूर्ण परत मिळत नाही, थकवा मात्र शेवटच्या ५०० मीटरमध्ये पुरता वसूल होतो. बोटीत पुढे पाहू शकणारा एकमेव माणूस कॉक्स असतो. त्याचा शब्द शेवटचा, हे पाण्यात उतरण्यापूर्वी सर्वांनी मान्य केलेले असावे. मार्चचे ऊन लक्षात घेऊन पाणी, मीठ-साखर आणि सावली यांची सोय आदल्या दिवशी करावी आणि शर्यतीच्या सकाळी नवे काही खाऊ नये.

या सगळ्याच्या वर सुरक्षेचे नियम आहेत आणि त्यांत तडजोड नाही. पोहता न येणाऱ्याने बोटीत बसू नये. नवख्यांनी लाइफ जॅकेटशिवाय उतरू नये. पाय अडकवायच्या बुटांच्या टाचेची दोरी आणि बोटीच्या टोकावरचा रबरी चेंडू रोज तपासावा. बोट उलटली तर तिला धरून राहावे. किनारा जवळ दिसला तरी पोहत निघू नये. नदीचे पाणी दूषित असेल तर जखम झाकावी आणि सरावानंतर साबणाने अंघोळ करावी. अंधार, पूर किंवा वादळी वारा असेल तर सराव रद्द करण्याचा अधिकार कुणा एकाकडे असावा आणि त्या निर्णयावर वाद होऊ नये.

शेवटचे काम शर्यत संपल्यावरचे, आणि बहुतेक ते राहून जाते. महाविद्यालयीन क्लबची सर्वांत मोठी अडचण अशी की दर वर्षी त्याचे अनुभवी लोक पदवी घेऊन निघून जातात आणि नवा कप्तान पहिल्यापासून चाचपडतो. म्हणून हंगामाची वही ठेवावी: कोणत्या आठवड्यात किती किलोमीटर, कोण हजर, एर्गोमीटरच्या वेळा, रिगरची मापे, कोणता टप्पा फसला आणि का. शर्यतीनंतर पंधरवड्याच्या आत पुढच्या कप्तानाबरोबर बसून ती वही वाचावी आणि पुढच्या वर्षीची मुख्य शर्यत तिथेच ठरवावी. एका वर्षात क्लब फार तर एक पदक मिळवेल. पण तीन-चार वर्षे सलग अशी आखणी झाली, तर नवख्या मुलांना तयार रस्ता मिळेल आणि ती दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा पुढून सुरुवात करतील.